मुलाकडच्यांनी मासा मागितला

परभणीच्या माणसाला समुद्राशी काय घेणंदेणं, असं ज्याला वाटतं त्याला मुलगी नसावी. किंवा असली तरी तिनं इकडंच जिंतूर-सेलूच्या पट्ट्यात लग्न जमवलेलं असावं. व्यंकटरावांच्या अबोलीनं मालवणात जमवलं. बँकेची नोकरी लागून ती तिकडं गेली आणि शेजारच्या काउंटरवर बसणारा केयूर तिला पसंत पडला. मुलगा हसतमुख, निर्व्यसनी. घर मात्र पिढीजात मासेमारीचं. इकडं व्यंकटरावांच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, मग मासा कुठला! तरी व्यंकटरावांनी चार दिवस नुसत्या येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी ते म्हणाले, "पोरगी सुखात राहायलीय ना? मग आमाला काय करायचंय!" हे ऐकून सुनेत्राबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि पदराला डोळे पुसले. म्हणजे इथपर्यंत गाडी अगदी रुळावर होती.

मग रीतीप्रमाणं व्यंकटरावांनी मुलाच्या वडिलांना फोन लावला. त्यांचं नाव रंगनाथराव. जन्म समुद्रावर काढलेला माणूस. आता मोठ्या बोटी सोडून दिल्या होत्या आणि कयाक नावाच्या काकडीएवढ्या होडीत बसून, हातानं वल्हवत, खवळलेल्या पाण्यात मोठाले मासे धरायला जायचे. अबोलीनं फोटो पाठवला होता. त्यात माणूस कमी आणि मासा जास्त होता. व्यंकटरावांनी जिभेवर साखर ठेवून विचारलं, "मग बैठकीला परभणीला कधी येताय? तारीख कधीची धरायची?" पलीकडं बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग रंगनाथराव म्हणाले, "तारखेचा मागसून बघूया. आदी तुमी हयसर येवा. माझ्यावांगडा कयाकात बसा. मोठो मासो धरूक जाऊया." आणि फोन बंद झाला.

आता तुम्ही-आम्ही याला आमंत्रण म्हणू. पण तुम्ही-आम्ही मुलीचे बाप नाही. आपल्याकडं मुलाकडचं माणूस शिंकलं तरी मुलीकडचे त्याचा अर्थ काढत बसतात, आणि अर्थ काढायला शेजारी बन्सीधर होते. बन्सीधर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांनी कुणाला कालव्याचं पाणी दिलं की नाही ठाऊक नाही, पण निवृत्तीनंतर सल्ल्याचे दरवाजे त्यांनी कायमचे उघडे ठेवले होते.

"'आधी' म्हणले का 'आधी'?" बन्सीधरांनी खुर्ची पुढं ओढली. "मग ही अट हाय, व्यंकटराव! मुलाकडचा माणूस 'आधी' म्हणला की फुडं अटच असती. हुंडा मागता येत न्हाई, कायदा हाय. म्हणून मासा मागायलेत."

"पण मासा मागून काय करतील? त्यांच्या दारातच समुद्र आहे," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"वहिनी, प्रश्न माशाचा न्हाई, माणसाचा हाय. मुलीच्या बापात किती दम हाय ते बघायलेत."

"अहो, मग अबोलीलाच विचारा की एकदा."

"खबरदार!" व्यंकटराव गरजले. "पोरीला काय विचारू? तुझ्या बापाला परीक्षेला बसवायलेत म्हणू? जिवाला लावून घेईल ती. तिला यातलं अक्षर कळता कामा नये." आणि त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की दिवाळी झाली की मालवणला जायचं, आणि तोवर कयाक शिकून घ्यायची. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. भरती-ओहोटी पाठ, सागरी प्रवाह पाठ, गरम कोणता नि थंड कोणता तेही पाठ. आता राहिलं होतं फक्त पाण्यात उतरणं, आणि ते काय, होईल, असं त्यांना वाटलं. भूगोलाच्या माणसाला सगळं जग नकाशाएवढं सोपं वाटतं.

नांदेडकडच्या एका बंद पडलेल्या वॉटर पार्कातली जुनी कयाक बन्सीधरांनी मिळवून दिली. ती टेम्पोवर आडवी पडून आली तेव्हा अख्खी कॉलनी गोळा झाली. रंग भडक नारिंगी, अंगावर कुण्या पोरांनी बदाम कोरलेले. कुणी म्हणालं सोलारची टाकी, कुणी म्हणालं नातवाचा पाळणा का हो, एवढा मोठा? समोरच्या बंगल्यातल्या शिवकन्याबाईंनी फक्त, "रिकामीच राहणार असेल तर दोन दिवस गहू वाळवू का हो हिच्यात?" एवढंच विचारलं. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं मात्र व्यवहाराचा प्रश्न केला, "सर, ॲव्हरेज किती देती?"

"हातानं चालते ती," व्यंकटराव म्हणाले.

"म्हणजे तुमी खाताल तितकं," पानवाल्यानं मान डोलावली. हे मात्र शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं.

नवी वस्तू आली म्हणजे पूजा आलीच. सुनेत्राबाईंनी कुंकू लावलं, हार घातला. लिंबू चाकाखाली चिरडायचं, तर हिला चाकच नाही. बन्सीधर म्हणाले, रीत मोडू नका. मग चौघांनी मिळून कयाक लिंबावरून ढकलली. लिंबू शाबूत राहिलं आणि बन्सीधरांच्या पायाचा अंगठा चेमटला. नारळ फोडायला व्यंकटरावांनी कयाकीच्या नाकावर जोरात हाणला, तर प्लास्टिकवरून उसळून तो थेट शिवकन्याबाईंच्या कुंड्यांत गेला. "शुभ हाय, शुभ हाय," बन्सीधर अंगठा धरून म्हणाले.

आता पाणी. धरणात सराव करायचा तर परवानगी लागते, असं बन्सीधरांनी सांगितलं आणि स्वतःच्या जुन्या खात्यात त्यांना घेऊन गेले. तिथल्या साहेबानं चष्म्यावरून बघितलं.

"जलवाहन यांत्रिक का बिगरयांत्रिक?"

"बिगरयांत्रिक."

"प्रयोजन?"

व्यंकटराव खोटं बोलणारे नव्हेत. "मुलीचं लग्न," ते म्हणाले.

"असं आधी सांगा की! म्हणजे प्री-वेडिंगचं शूटिंग. त्याचं टेबल वेगळं."

वेगळ्या टेबलावरच्या साहेबानं नवरा-नवरी दोघांनाही हजर करायला सांगितलं. नवरा-नवरी मालवणात आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, मग होडीत कोण बसणार? मी, व्यंकटराव म्हणाले. साहेबानं त्यांच्या टकलाकडं पाहिलं, त्यांच्या जाकिटाकडं पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं की काका, आमची काही हरकत न्हाई, पण वधूपक्षाची लेखी संमती आणा. "अहो, मीच वधूपक्ष!" व्यंकटराव ओरडले. पण तोवर साहेबाची जेवणाची सुट्टी झाली होती.

शेवटी आठवण झाली सितारामची. सितारामही मास्तरच, व्यंकटरावांच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर झरीला शेती बघत होते, आणि शेतात मोठं शेततळं होतं. दोघांची दोस्ती अशी की शाळेत डबा एकमेकांचाच खायचे. "सर, तळं तुमचंच समजा," सिताराम फोनवर म्हणाले. सितारामच्या बायकोनं, केशरबाईंनी, मात्र कयाक बघून तोंडाला पदर लावला. "भावजी, पोरीच्या लग्नापायी लोक घर रंगवत्यात. तुमी ह्ये काय काढलंय?"

शेततळं म्हणजे खालून वरपर्यंत प्लास्टिकचा कागद अंथरलेला, शेवाळानं गुळगुळीत झालेला. आत पडायला एक क्षण पुरतो, बाहेर यायला नाही. व्यंकटराव कयाकीत बसले, दोन हात वल्हं मारलं, "हे तर सोपंय!" म्हणाले आणि पालथे झाले. अंगात फुगीर जाकीट होतं म्हणून बुडाले नाहीत, पण काठावर चढायला गेले की सरकून पुन्हा पाण्यात. वर सिताराम उभे राहून कोनाचं माप सांगत होते. अखेर केशरबाईंनी दोर टाकला आणि त्यांना ओढून काढलं. "सासऱ्यानं इहिरीतून म्हैस काढली व्हती, तिला इतका येळ लागला न्हवता," असंही त्या म्हणाल्या. डबा घेऊन आलेल्या सुनेत्राबाईंनी हे सगळं काठावरून पाहिलं. मग डबा उघडून नवऱ्याच्या हातात गरम पोळीचा रोल दिला, कारण रागावून बोलण्यापेक्षा त्यांना तेच लवकर जमतं.

तोल थोडा साधल्यावर प्रश्न आला लाटांचा. शेततळ्याला लाट कुठली? मग दोन्ही टोकांना दोर बांधले, एका काठावर सिताराम, दुसऱ्यावर बन्सीधर, आणि दोघांनी मधली कयाक गदागदा हलवायला सुरुवात केली. केशरबाईंना हसू आवरेना. त्यांनी चक्क बारशाचा पाळणा म्हटला. व्यंकटरावांचा अपमान झाला, पण तोलही टिकला. सलग तीन दिवस पालथे झाले नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू दर्यावर्दीसारखा दिसू लागला, निदान त्यांना स्वतःला आरशात तसं वाटलं.

तिथंच थांबले असते तर बरं होतं. पण बन्सीधर म्हणाले, "मासा ओढायला लागल्यावर काय करताल? मोठा मासा माणसाला होडीसकट फरपटत नेतो म्हणे. त्याचा सराव केला का?"

याचं उत्तर सितारामच्या गोठ्यात उभं होतं. हौश्या नावाचा ऐन भरातला गोऱ्हा, नुकताच जुवाला लावायला घेतलेला. ठरलं असं की गळाच्या दोरीऐवजी जाड दोर, दोराचं एक टोक हौश्याच्या गळ्यात, दुसरं कयाकीच्या नाकाला. हौश्या काठानं चालेल, व्यंकटराव आतून वल्ह्यानं विरोध करतील. सितारामनी गणितही करून दाखवलं. गणितात सगळं बसत होतं, फक्त हौश्याला गणित येत नव्हतं. नारिंगी वस्तू पाण्यातून आपल्या मागं येतेय, असं त्यानं वळून पाहिलं, शेपूट उभारलं आणि तो सुटला.

कयाक तळ्याच्या उतारावरून सूं करत वर आली. जे काम व्यंकटरावांना जमत नव्हतं ते त्या गुळगुळीत कागदानं एका दमात केलं. मग बांध, मग कपाशी. बोंडं फुटलेली, दोन्हीकडं पांढरंशुभ्र, आणि त्या पांढऱ्या फेसातून व्यंकटराव वल्हं छातीशी धरून, डोळे मिटून, "हौश्या, ओ! अरे हौश्या, हो!" करत निघालेले. मागं सिताराम, त्यांच्या मागं लंगडत बन्सीधर, त्यांच्या मागं केशरबाई, "माझी कपाशी! माझी कपाशी!" करत. जिंतूरच्या रस्त्याला लागल्यावर हौश्याला समोरून येणारी एसटी दिसली आणि तो अचानक शहाण्यासारखा उभा राहिला. एसटीही उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही. कंडक्टरनं दारातून वाकून बघितलं आणि सवयीनं विचारलं, "कुठं जायचंय?"

"मालवण," व्यंकटराव म्हणाले. खोटं बोलणारे नव्हेतच ते.

दुसऱ्या दिवशी परभणीच्या भाजी मंडईत लोक वळून वळून बघत होते. जुने विद्यार्थी वाकून नमस्कार करायचे आणि वाकूनच हसायचे. "सर कापसात मासे धरायलेत" ही बातमी पालमपर्यंत गेली, कारण तिथून व्यंकटरावांच्या मावसभावाचा फोन आला. त्या रात्री व्यंकटराव जेवले नाहीत. सुनेत्राबाईंना म्हणाले, "हसू दे जगाला. माझ्यामुळं पोरीचं मोडलं तर मी कुठल्या तोंडानं जगू?" हे ते अगदी साधेपणानं म्हणाले. सकाळी सुनेत्राबाईंनी कपाशीच्या बदल्यात केशरबाईंना साडी आणि हौश्यासाठी पेंड पाठवून दिली.

दिवाळी झाली आणि दोघं मालवणला पोचले. पाऊस संपला होता, पण वारा सुटलेला होता आणि समुद्र अजून निवला नव्हता. अबोली आणि केयूर न्यायला आले होते. अबोलीचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता, आणि तो बघून व्यंकटरावांना वाटलं, काय बिचारीला कल्पना नाही! रंगनाथराव म्हणजे उंच, काळासावळा, मिशीतल्या मिशीत राहणारा माणूस. त्यांनी हात जोडले, "येवा," म्हणाले आणि पुढचं काही बोलले नाहीत. व्यंकटरावांनी याचाही अर्थ काढला: परीक्षक कडक आहे.

पहाटे किनाऱ्यावर दोघांची कयाक लावलेली होती. आता पंचाईत आली मानाची. दोन जागा, एक पुढं, एक मागं. मुलाकडच्या माणसाला मागं बसवून मुलीचा बाप पुढं बसला, असं मराठवाड्यात कळलं तर सोयरे तोंडात शेण घालतील.

"तुमी फुडे बसा," रंगनाथराव म्हणाले.

"छे छे! तुमी मुलाकडचे. तुमी पुढं."

"माका मागे बसाक व्हया. वळवूक."

"असं कसं, असं कसं! आमच्याकडं पद्धत न्हाई." व्यंकटरावांनी व्याह्याचा दंड धरून त्यांना पुढं ढकललं, रंगनाथरावांनी यांचा दंड धरून पुढं ओढलं. दोघांचीही सभ्यता शिगेला पोचली असताना एक लाट आली आणि तिनं दोघांनाही गुडघाभर पाण्यात लोळवलं. उठले तेव्हा रंगनाथरावांनी व्यंकटरावांना काखांत हात घालून पुढच्या जागेवर बसवलं. पोराला झोपाळ्यावर बसवतात तसं.

आणि निघाले. पहिली लाट आली तेव्हा व्यंकटरावांना कळलं की बन्सीधर आणि सितारामनी दोरानं हलवलं ते काहीच नव्हतं. कयाक उभी राहायची आणि धाडकन खाली आदळायची, तोंडावर खारट पाण्याचे सपकारे. दुसऱ्या लाटेला त्यांनी मोठ्यानं रामरक्षा सुरू केली, तिसरीला ती मध्येच विसरले, चौथीला सकाळचे पोहे समुद्राला अर्पण केले. पण वल्हं सोडलं नाही. भीती लपवायला ते बोलत राहिले: वारे असे का वाहतात, भरती कशानं येते, खडकाजवळ लाट का फुटते. मागून फक्त "हं" यायचं.

मोकळ्या पाण्यात आल्यावर रंगनाथरावांनी गळाची काठी पुढं सरकवून त्यांच्या हातात दिली. थोड्या वेळानं तिच्यावरच्या चाकानं किंकाळी फोडली. व्यंकटरावांच्या हातातली काठी धनुष्यासारखी वाकली आणि दोर सरसर निघाला. दूर पाण्यातून चांदीचा एक मोठा तुकडा वर उसळला आणि पुन्हा आत गेला. "सुरमय! दांडगी आसा!" रंगनाथराव पहिल्यांदा ओरडले. कयाक माशाच्या मागं ओढली जाऊ लागली. व्यंकटरावांचे हात खांद्यातून निखळतात की काय असं झालं. वारा वाढला. मासा फिरला आणि समोर पांढरा फेस उडणाऱ्या काळ्या खडकांकडं निघाला.

"सोडा, गुरुजी! खडप आसा फुडे!"

"मेलो तरी सोडणार न्हाई!"

"अवो, सोडा म्हणतंय!"

"न्हाई म्हणजे न्हाई!"

रंगनाथरावांनी मागून वाकून सुरी चालवली. दोर तुटला. काठी ताठ झाली, आणि रंगनाथरावांनी चार दणकट हात मारून कयाक फेसातून बाहेर, मोकळ्या पाण्यात आणली. व्यंकटराव ती रिकामी काठी धरून तसेच बसले होते. मग त्यांचा बांध फुटला. भर समुद्रात, एका सुशिक्षित सेवानिवृत्त माणसाला शोभणार नाही असे ते रडू लागले.

"तोडलीत? अहो, तोडलीत? आता लग्न कसं व्हायचं हो?"

"कोणाचा लगीन?"

"अबोलीचं! तुमीच म्हणला होतात की, आधी मासा, मग तारीख! आमी काय कमी केलं? बैलाला होडी बांधली, कपाशीतून फरफटत गेलो, अख्खी परभणी हसायलीय मला! मासा हातात होता माझ्या!"

रंगनाथरावांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, ती अट न्हवती. अबोलीन माका सांगल्यान, बाबा जन्मभर पोरांका समुद्र शिकवतत, पण त्यांनी समुद्र कधी बघूक नाय. कोणाक सांगनत नाय, पण टीव्हीर समुद्र दाखवल्यानी की आवाज मोठो करतत. म्हणान मी म्हटलंय, आदी तुमका समुद्र दाखवया. लग्नाच्या गडबडीत तुमका हयसर कोण घेवन येतलो?"

व्यंकटरावांनी काठी खाली ठेवली. त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि मान वर केली. इतका वेळ ते फक्त पुढची लाट बघत होते. आता पाहिलं तर सगळीकडं पाणीच पाणी, हिरवं, निळं, उन्हात चमकणारं, आणि त्याला शेवटच नव्हता. टीव्हीत दाखवतात त्यापेक्षा कितीतरी मोठं होतं ते. "अरे बापरे," ते म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले, "अरे बापरे!" रंगनाथरावांनी त्यांना घाई केली नाही.

बऱ्याच वेळानं व्यंकटरावांना एक शंका आली. "पण मग रंगनाथराव, बैठकीची तारीख का टाळली तुमी? फोन का ठेवलात?"

व्यंकटरावांनी जपून मान वळवली. मघा खडकांपुढं ज्या माणसाची मिशीसुद्धा हलली नव्हती त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"माका बैठकीचो भय वाटता," रंगनाथराव म्हणाले. "परभणीक येवचा, तुमची सगळी शिकलेली माणसा समोर बसतली, कायमाय विचारतली. माझ्या तोंडातसून शब्द भायर पडाचो नाय. लोक म्हणतले, कसल्या घरात पोरगी दिल्यानी. माझ्यापायी पोराचा मोडात, म्हणान मी फोन ठेवलंय."

व्यंकटराव मग असे हसले, असे हसले की कयाक डुगडुगली आणि रंगनाथरावांना ती सावरावी लागली. "अहो, एवढंच होय! बोलायची फिकीर तुमी कामून करायलाव? तुमी फक्त या. माझ्या शेजारी बसा. कुणी काही विचारलं की माझ्याकडं बघा. बोलायला मी हाय की!"

"आणि मी काय करू?"

"चहा घ्या. दुसऱ्यांदा विचारलं तर न्हाई म्हणू नका, आमच्याकडं राग येतो."

रंगनाथरावांनी हे नीट लक्षात ठेवलं असावं, कारण त्यांचे ओठ हलले. "तुळशीचा लगीन झाला की पयलो मुहूर्त धरूया?" त्यांनी भीत भीत विचारलं. "धरला!" व्यंकटराव म्हणाले, आणि दोघांनी वल्ही उचलली.

किनाऱ्यावर सुनेत्राबाई देवाचं नाव घेत बसल्या होत्या. अबोली पाण्यात गुडघाभर शिरून हात हलवत होती. होडी जवळ येताच तिनं दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाक मारली, "बाबाऽऽ! काय मिळालं?"

व्यंकटराव त्या डुगडुगत्या कयाकीत जवळजवळ उभेच राहिले. "तारीख!" त्यांनी ओरडून सांगितलं. "तारीख मिळाली!"